बिडाची की सळईची?

मस्कतच्या अझैबा भागात समुद्राच्या बाजूला घर असलं की फाटकाच्या बिजागरीपासून पोरांच्या सायकलीपर्यंत सगळ्याला गंज धरतो. अंगणातल्या शेगडीची जाळी त्यातून कशी सुटणार? तिथल्या एका मराठी घरात सध्या तिच्यावरूनच खल चालू आहे. शेगडीबरोबर आलेल्या तारेच्या जाळीवरचं क्रोम पोपडे धरून निघतंय. ते भरताच्या वांग्याला चिकटून पानात यायच्या आत ती बदलायला हवी. घरातले काका कोल्हापूरचे, त्यामुळे त्यांचं मत आधीच तयार होतं: बिडाची.

शिवाजी उद्यमनगराच्या आसपास वाढलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकायला मिळणार म्हणा! वाळूचा साचा, भट्टीतून ओतला जाणारा लोखंडाचा रस, साचा फोडल्यावर निघणारं खरबरीत बीड, हे सगळं त्या गल्ल्यांतून येता-जाता दिसायचं. ओतकामाचा हा धंदा पुढे शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत पसरला. घरी बिडाचा तवा होता. जाळी म्हणाल तर पापडापुरती, लांब दांड्याची, तारेची. तिच्यावर पापड, फार तर कणीस. वांगं मात्र थेट चुलीतल्या निखाऱ्यांत जायचं आणि राख झटकून बाहेर यायचं.

नोकरीसाठी ओमानला आल्यावर सुरुवातीचं बिऱ्हाड रुवीत, चार-पाच जणांच्या खोलीत. एका शुक्रवारी कुणीतरी भंगारातल्या फ्रिजचा रॅक आणला आणि दोन विटांवर टाकला. असले जुगाड करणारी मंडळी आजही भेटतात, म्हणून सांगायला हवं की जुन्या फ्रिजच्या रॅकवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो आणि तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. जस्त चढवलेली कुंपणाची जाळीही तशीच बाद. जस्त ४१९ अंशांनाच वितळतं; फुललेले निखारे त्याहून कितीतरी गरम असतात.

गंमत म्हणजे खुद्द ओमानी खाण्याचं जाळीवाचून फारसं अडत नाही. रस्त्याकडेला, किनाऱ्यालगत मिळणारं मिशकाक सळयांना टोचलेलं असतं आणि त्या सळया शेगडीच्या दोन्ही काठांवर आडव्या टेकतात. ईदचं शुवा पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत पुरतात. ते एक-दोन दिवसांनी उकरून काढायचं. सलालाकडे मधबी तापलेल्या दगडांवरच भाजतात. जाळी लागते ती आपल्याला. वांगी, कणसं, पनीर, भरलेली ढोबळी मिरची आणि सुरमईचे तुकडे सळईत ओवून भागत नाही.

बिडाची बाजू लंगडी नाही. ते जड असतं, उष्णता धरून ठेवतं, गार मासा टाकला तरी एकदम थंड पडत नाही. तेल पाजून तापवत गेलं की त्यावर काळा तुकतुकीत थर बसतो आणि सुरमईचं कातडं सुटून येतं. काकांनी हे सगळं पटवून सांगितल्यावर काकूंनी एकच वाक्य टाकलं, "अहो, माझा तवा रोज चुलीवर चढतो म्हणून टिकतो, तुमची जाळी मे ते सप्टेंबर बाहेर पडलेली असते."

मुद्दा बिनतोड होता. मस्कतच्या उन्हाळ्यात अंगणात निखारे पेटवायला कोण जातंय? त्या दमट, खारट महिन्यांत बिडावरचा तेलाचा थर कुठे ना कुठे फाटतो आणि गंज तिथूनच शिरतो. मीना चढवलेलं बीड दुकानात देखणं दिसतं, पण चिमटा लागून एक टवका उडाला की त्याचीही तीच गत.

उरलं स्टेनलेस स्टील. त्यातही '३०४' आणि '३१६' हे आकडे विचारून घ्यावेत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम पडतं, आणि मिठाच्या हवेत बारीक खड्डे पडायचे थांबवतं ते मुख्यतः तेच. चुंबक लावून पाहणं ही अर्धीच परीक्षा. घट्ट चिकटला तर स्टील बहुधा बिननिकेलचं, स्वस्तातलं. नाही चिकटला म्हणजे ३१६ च, असं मात्र नाही.

तयार जाळी मापात बसेना, तेव्हा काका वादी कबीरच्या सनायात, म्हणजे औद्योगिक भागात गेले. तिथल्या वेल्डरने कागदावरचं माप पाहून पहिला प्रश्न केला, "आतून आतून घेतलंय का?" शेगडीच्या आतल्या कडेचं माप ६० सेंटिमीटर असलं तर जाळी तेवढीच करून चालत नाही. ३०० अंशांनी तापली की ६० सेंटिमीटरची सळई सुमारे तीन मिलिमीटर वाढते. जागा सोडली नाही तर जाळी वाकते किंवा कडेत अडकून बसते. त्याने दोन्ही बाजूंना सैल ठेवायला सांगितलं. सळई आठ मिलिमीटरची, वेल्डिंगची तारही ३१६ ला चालेल अशीच. मधली फट मात्र काकूंनी ठरवली: दहा मिलिमीटर, म्हणजे कोळंबी खाली पडणार नाही. सुक्या बोंबलांसाठी जुनी पापडाची जाळी आहेच.

सळईला बिडाची सर येत नाही, असं काका अजून म्हणतात. चवीपुरतं ते खरंही असेल. पण समुद्रकाठच्या अंगणात, पाच महिने न वापरता पडून राहणाऱ्या शेगडीवर ३१६ चीच जाळी घ्यावी. तुम्हीही बनवून घेणार असाल तर उन्हाळ्यातच माप टाका. सुरमईच्या मासेमारीवर ओमानमध्ये दरवर्षी १५ ऑगस्टपासून असलेली बंदी १५ ऑक्टोबरला संपते, आणि अंगणात बसण्याजोगी हवाही त्याच सुमाराला पडते.