नोमची बर्फवाट

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम गावी हिवाळ्यात समुद्रच गोठतो. मग जहाज कोठून यावे! १९२५ च्या जानेवारीत तेथे घटसर्प पसरला, अन् औषध तर सरत आलेले. नेनानाच्या रेल्वेस्थानकापासून ६७४ मैल, वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या बर्फगाड्यांवरून ते हातोहात पोहोचविले. त्यांतच होता नॉर्वेहून आलेला लिओनार्ड सेप्पाला. नोमची ४०८ मैलांची शर्यत त्याने १९१५ पासून लागोपाठ तीन वर्षे जिंकलेली. पण या वेळी त्याची एकुलती मुलगी त्या गावात होती. वयस्क टोगोला म्होरक्या करून त्याने वादळात नॉर्टन आखाताचा तडकता बर्फ ओलांडला. पुतळा मात्र न्यूयॉर्कात उभा राहिला तो शेवटच्या टप्प्यावरील बाल्टोचा. सर्वांत लांब, ९१ मैलांची मजल मारली ती टोगोने. सेप्पालाच्या मनात हे शल्य राहिले.