दुसऱ्या पायरीवरचा अडथळा

कंस कुठेही घाला, गुणाकाराचं उत्तर बदलत नाही, हा साहचर्याचा नियम आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. मीही विसरलो होतो. नोकरीत रुळल्यावर मरे गेर्स्टेनहाबर यांचा १९६४ सालचा निबंध वाचला आणि तो नियम परत भेटला.

त्यांचा प्रश्न साधा आहे. एखाद्या अल्जिब्रातला गुणाकार किंचित बदलला, तर साहचर्य टिकेल का? उत्तर होखशिल्ड यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या कोहोमॉलॉजीत सापडतं. तिचा दुसरा गट पहिल्या पायरीवर चालणारे बदल मोजतो. नुसती नावं बदलून होणारे बदल त्यात शून्य धरले जातात.

समजा, क्षचा वर्ग शून्य आहे. तो शून्याऐवजी त करा. साहचर्य टिकतं, आणि शून्यावर एकमेकांवर बसलेली दोन मुळं सुटी होतात. हा खरा बदल. उलट, चौरस मॅट्रिक्सच्या अल्जिब्राचा दुसरा गट शून्य असतो. तिथे काहीही बदला, शेवटी ते नामांतरच ठरतं.

सहा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या. दर वेळी घरी सांगितलं, आता वेगळं काम आहे. ती नामांतरंच होती.

खरा बदल म्हणजे नोकरी सोडून गणितात एमएस्सी करणं. कागदावर पहिली पायरी जुळायची. पण पुढे फ्लॅटचा हप्ता आणि बाबांचं डायलिसिस. आई म्हणते, "शीक की, कोण अडवतंय तुला?"

कुणीच नाही. गेर्स्टेनहाबर यांच्या सिद्धांतातही दुसऱ्या पायरीवरचा अडथळा बाहेरून येत नाही. पहिला बदल स्वतःशीच ताडून पाहिला की तो निघतो, आणि त्याची जागा तिसऱ्या गटात असते. तिथे तो शून्य आला नाही, तर त्या दिशेनं पुढे जाता येत नाही. फक्त त्या दिशेनं.

डायलिसिसला चार तास लागतात. मी बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसतो. एक छोटा अल्जिब्रा घेऊन सगळे अडथळे हातानं काढतोय. मागच्या शुक्रवारी गाडीत बसताना बाबांनी विचारलं, "सुटलं का गणित?"

"शून्य नाही आलं."

"मग आता?"

"पहिली पायरी दुसरी घेऊन बघायची."

"घे मग," म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.