पबच्या माडीवर

जिन्याच्या पायथ्याशी आम्ही दोघी बहिणी थबकलो. खाली पब, बिअरचा वास, हसण्याचा गलका. बार्शीकडच्या मुस्लिम घरातल्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या आम्हा बायांचं इथं काय काम? पण कविता वरच्या खोलीत होती आणि वाट खालूनच होती.

ही २०१८ सालची, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातली गोष्ट. धाकटी तिथं नर्स, थोरली तिच्याकडे राहायला गेलेली. 'लाँग व्हॅली' नावाच्या जुन्या पबच्या माडीवर सोमवारी रात्री 'ओ वेल' ही काव्यमैफल भरायची. सुरू झाली २००७ साली. आयरिश भाषेतल्या या नावाचा अर्थ 'मुखातून'. आधी श्रोते पाच शब्द सुचवतात. पंधरा मिनिटांत ते पाचही गुंफून कविता करायची. आम्हाला मुशायऱ्यातल्या तरही मिसऱ्याची आठवण झाली. आम्ही नुसतं पाणी मागितलं. कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून आयरिशमध्ये गायले. वाद्य नाही, काही नाही. 'शान-नोस', म्हणजे जुन्या रीतीचं गाणं. शेजारच्या बाईनं त्यांचा हात हातात घेतला आणि लयीत गोल फिरवत राहिली. अगदी जात्याचा खुंटा धरावा तसा! राज्यघटनेत पहिली राजभाषा असलेली ही भाषा बहुतेक घरांतून इंग्रजीनं केव्हाच घालवली आहे. त्या खोलीतही ती थोड्यांनाच कळत असावी. तरी सगळे श्वास रोखून होते.

आमची पाळी आली. सूत्रसंचालकानं आपुलकीनं विचारलं, "उर्दू गझल?"

नाव मुसलमानी म्हणजे भाषा उर्दू, हा हिशेब कॉर्कलाही पोचला होता तर! पुण्यात कुणी असं विचारलं की आम्ही चिडतो. शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे तिथल्यांनी तरी विसरू नये. या बिचाऱ्याला काय ठाऊक? आमची नानी घरात दखनी बोले, पण जात्यावर बसली की ओवी मराठीच. आम्ही तीच गायलो. दुसऱ्या ओवीला थोरलीचे शब्द अडले. तेवढ्यात त्या आयरिश बाईनं उठून तिचा हात धरला आणि फिरवू लागली. शब्द आले.

रात्री अम्मीला फोन केला. नानीची ओवी गायलो म्हटल्यावर ती किती वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "कुठं गायलात गं?"

"एका माडीवर," आम्ही म्हणालो. खाली काय होतं, ते तिला आता या अंकातच कळेल.