पद्मिनीची काच

आमच्या घरी १९८९ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर असताना त्यांनी ती घेतली. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत तिला अजूनही सगळे ‘फियाट’च म्हणतात. गेल्या मे महिन्यात म्हापशाच्या मावशीकडून परत येताना चोर्ला घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या काचेवर बसला. आधी तांदळाएवढा टवका होता. घरी पोचेपर्यंत तडा उजव्या कडेला जाऊन भिडला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. या आजारात आधी कडेचं दिसणं कमी होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली टिकवायची. बाबांचं डावीकडचं जास्त गेलेलं. ‘गाडी चालवणं आता थांबवा,’ डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान डोलावली, चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी चालवतच घरी आले. मी शेजारी. त्या दिवशी आणि नंतर घाटातही मी डावीकडचं सगळं मोठ्यानं सांगत होतो. स्कूटर आहे. म्हैस आहे. बाबा चिडायचे, ‘दिसतंय की रे मला!’ आरपीडी कॉर्नरला भाजीच्या एका हातगाडीला आम्ही कसे धडकलो नाही, ते त्या भाजीवाल्यालाच ठाऊक. तरी ‘बाबा, आता पुरे’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ते काम तड्यानं केलं. तडा बरोबर चालकाच्या नजरेसमोर, गाडी बाहेर काढण्याचा प्रश्नच नव्हता.

पोर्चमध्ये ताडपत्री घालून गाडी उभी राहिली. ‘काच मिळाली का रे?’ बाबा रोज संध्याकाळी विचारायचे. ‘चौकशी चालू आहे,’ मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता सांगायचो. चौकशी बिवकशी काही नव्हती. मी एकही फोन केला नव्हता.

गणपती झाल्यावर एका सकाळी मामेभाऊ टेम्पो घेऊन दारात आला. मागे दोन गाद्यांच्या मधे उभी बांधलेली काच आणि नव्या रबराचं वेटोळं. बाबांनी कोल्हापूरचं एक जुनं दुकान स्वतः शोधून काढलं होतं. आमचे जुने मिस्त्री आता काम करत नाहीत आणि गॅरेजवाले म्हणाले, बसवताना फुटली तर आमची जबाबदारी नाही. मग बाबाच म्हणाले, ‘घरीच बसवूया की. तू बी.ई. झालायस ना?’ मी कॉम्प्युटरमध्ये बी.ई. आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

इथे एक सांगून ठेवतो. नव्या गाड्यांची काच पत्र्याला चिकटवलेली असते, तिच्यावर गाडीची मजबुतीही अवलंबून असते. तिथे घरी हात घालू नये. पद्मिनीची काच मात्र नुसत्या रबरात बसते. त्या रबराला दोन खाचा. एका खाचेत काच, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. बस्स.

वायपर आणि रबरातली क्रोमची पट्टी काढली. जुनं रबर इतकं वाळलेलं की कटरनं त्याची बाहेरची कड कापावी लागली. मग मी आत पुढच्या सीटवर उताणा झोपून, पायांना गोणपाट गुंडाळून वरच्या कोपऱ्यातून काच हळूहळू बाहेर रेटली. दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली ती काच होती, म्हणून तडा जाऊनही एकसंध बाहेर आली. बाबा आणि मामेभावानं ती झेलली.

रबराखाली डाव्या कोपऱ्यात पत्रा गंजून खरखरीत झाला होता. पावसाळ्यात पायाखालची चटई का भिजायची, ते आत्ता कळलं. वायरब्रशनं घासून रेड ऑक्साइड मारला, वर रंग. दोन दिवस वाळायला.

दुसऱ्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर गोधडी अंथरून काचेला रबर चढवलं. आई म्हणाली, आज जेवण खालीच. रबर आधी गरम पाण्यात बुडवून मऊ केलं होतं. मग पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवली. दोरीची दोन टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून वीतभर पुढे नेऊन आत सोडायची, सगळीकडे साबणाचं पाणी लावायचं, आणि काच बाहेरून जागेवर ठेवायची. आतला माणूस दोरी ओढतो, दोरीबरोबर रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत सरकते. बाहेरचा माणूस त्याच जागी तळहातानं दाबतो.

आत बाबा, बाहेर मी. उजवी बाजू लोण्यासारखी बसली. डावीकडे मात्र दोरी सरसर बाहेर आली आणि रबराची कड बाहेरच राहिली. बाबा ओढत राहिले. मी काचेवर टकटक करून ओरडलो, ‘थांबा, थांबा!’ त्यांनी मान वळवून पाहिलं, मग बोटांनी चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

दार उघडून ते म्हणाले, ‘डावीकडचं तू कर. मला तिकडचं नाही दिसत.’

एप्रिलपासून हे ते पहिल्यांदाच बोलले होते. मी साबणाचे हात घेऊन तसाच उभा. आणि काय सुचलं कुणास ठाऊक, मी सांगून टाकलं की काच मी शोधलीच नव्हती.

‘ठाऊक आहे,’ बाबा म्हणाले. ‘कोल्हापूरच्या दुकानदाराला विचारलं होतं मी, माझ्या मुलाचा फोन आला होता का. तो म्हणाला, कुणाचाच नाही.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू तरी कुठं बोललास?’

काच पुन्हा उतरवली, दोरी पुन्हा फिरवली. या खेपेला आत मी, बाहेर बाबा. ते तळहात ठेवत पुढे सरकत होते आणि मी त्यांच्या हाताच्या मागोमाग दोरी ओढत होतो. एक तास लागला. क्रोमच्या पट्टीत आणखी एक रविवार गेला, पण त्या छळाबद्दल लिहीत नाही.

नळी लावून पाणी मारलं तेव्हा बाबा डावीकडच्या सीटवर बसून टॉर्चच्या उजेडात डॅशबोर्डखाली हात फिरवत होते. एक थेंब आला नाही. मग ते तिथेच बसून राहिले आणि खिडकीतून किल्ली माझ्याकडे केली.

या गाडीचे गिअर स्टिअरिंगजवळ आहेत आणि मला ते कधीच जमलेले नाहीत. आरपीडी कॉर्नरला गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्न. ‘दुसरा वर नाही, खाली,’ बाबा म्हणाले, आणि पुढची काच आतून फडक्यानं पुसत राहिले.