आवृत्ती आणि पुनर्मुद्रण

मराठी ग्रंथव्यवहारात 'आवृत्ती' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मुखपृष्ठ बदलले, किंमत वाढली, आत एक अनुस्वारही हललेला नाही, तरी पुस्तकावर 'तिसरी आवृत्ती' असे झळकते. वस्तुतः ते असते पुनर्मुद्रण. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना मुखपृष्ठावरून थेट श्रेयपानाकडे नेतो ते याचसाठी. ही सवय लॅपटॉपच्या खरेदीत कामी येईल, अशी कल्पना मात्र आम्हां दोघांनाही नव्हती.

घरच्या कामाचा आमचा लॅपटॉप २०१५ सालचा. त्यात इंटेलचा 'कोअर आय-५ ५२००यू' हा पाचव्या पिढीचा, दोन कोअरचा प्रोसेसर. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते. कळफलकावरची अक्षरे पुसट झाली असली तरी यंत्र चालू होते. निकाल लागला तो प्रकृतीवर नव्हे, पिढीवर. लिनक्स बसवून त्याचे आयुष्य वाढवता आले असते. प्रश्नपत्रिका, टाचणे आणि 'नॅक'चे न संपणारे तक्ते यांना तेवढे पुरलेही असते. पण आमची अडचण निराळी होती.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ठाकर व कातकरी पाड्यांवर आम्ही गेली काही वर्षे गीते आणि कहाण्या ध्वनिमुद्रित करत आलो आहोत. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात (१९०५) या बोलींची दखल आहे. त्यानंतरचे काम पुष्कळसे विखुरलेले. आमच्या संग्रहातल्या काही गाणाऱ्या आज हयात नाहीत. त्यांचा आवाज एका डिस्कवर आणि तिच्या एका प्रतीवर, एवढाच उरला आहे. न दाबलेल्या स्वरूपातील एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. जागेचा प्रश्न सुटतो. लिप्यंतराचा सुटत नाही. २०२२ मध्ये ओपनएआयने 'व्हिस्पर' ही बोलणे ऐकून लिहिणारी प्रणाली खुली केली. ती इंटरनेटशिवाय आपल्याच यंत्रावर चालते, आणि आम्हांला नेमके हेच महत्त्वाचे होते. लग्नातली काही गाणी 'हे बाहेर कुठं जाऊ द्यायचं नाही' या अटीवर आमच्या हवाली झाली आहेत. ती कुणा दूरच्या सर्व्हरवर चढवणे म्हणजे शब्द मोडणे. तेव्हा जे काय करायचे ते घरच्या प्रोसेसरनेच. जुन्या यंत्राला तासाभराच्या मुद्रणासाठी रात्र पुरत नसे.

कल्याणच्या एका दुकानात पहिलेच यंत्र पुढे आले ते एएमडीच्या 'रायझन ५ ७५२०यू'चे. "सर, सात हजार सिरीज आहे, एकदम लेटेस्ट," विक्रेता म्हणाला. येथे श्रेयपान आठवले. या मालिकेत पहिला आकडा वर्ष सांगतो. प्रोसेसरची घडण कुठल्या पिढीची हे तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे 'झेन २', जी घडण मुळात २०१९ ची. शेजारच्याच यंत्रात ७५३०यू होता. तिसरा आकडा ३, घडण 'झेन ३', २०२० ची. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. ७६४०यू मध्ये 'झेन ४' येते. नावात एका आकड्याचा फरक, आणि आत जवळपास वेगळे पुस्तक! शिवाय ७५२०यू असलेल्या यंत्रात मेमरी मूळ पाटीवरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. लबाडी म्हणावी असे यात काही नाही, सगळे अंक छापलेले आहेत. फक्त ते वाचण्याची किल्ली खोक्यावर नाही.

इंटेलकडे प्रकार वेगळा, पण कुळ तेच. बाराव्या पिढीच्या आय-५ १२३५यू मध्ये (२०२२) दोन जोरकस आणि आठ काटकसरी असे १० कोअर आहेत. तेराव्या पिढीच्या १३३५यू मध्येही तीच मांडणी. पुढे कंपनीने 'आय' हे अक्षरच गाळले, आणि २०२४ च्या आरंभी आलेल्या 'कोअर ५ १२०यू' मध्येही दोन अधिक आठच. वेग थोडा वाढला हे खरे. पाठ बहुतांशी जुनाच. कोअर अल्ट्रा ही मात्र खरोखर निराळी संहिता, आणि किंमतही त्या मानाची.

मग आमच्यातच वाद झाला, आणि तो चांगले दोन आठवडे चालला. नावाच्या शेवटी 'यू' असलेला प्रोसेसर साधारण १५ वॅटच्या बेताने आखलेला. 'एच' असलेला ४५ वॅटच्या. आमच्यापैकी मुरबाडला शिकवणाऱ्याचे मत 'एच'च्या बाजूने. लिप्यंतर हे तासन्‌तास चालणारे काम, तिथे दमदार प्रोसेसरच हवा. त्याच पैशांत आय-५ १२४५०एच मिळतो, चार जोरकस कोअरचा. युक्तिवादात खोट नव्हती. शहापूरच्या बाजूचे म्हणणे असे की हे यंत्र निम्मा वेळ घरात नसते. किन्हवली ओलांडून सरळगावकडे जाताना आडवाटेने ज्या पाड्यांवर आपण जातो, तिथे पावसाळ्यात वीज एकदा गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही. तिथे बसून, गाणारीला तिचेच गाणे पुन्हा ऐकवून शब्द पक्के करायचे असतात. ती ऐकता ऐकता थांबते, दुरुस्ती सुचवते, मधेच दुसरेच गाणे आठवून गाऊ लागते. त्या क्षणी बॅटरी संपता कामा नये. पंख्याची घरघरही नको, कारण ती ध्वनिमुद्रणात उतरते. लिप्यंतर रात्री घरी होते. त्याला दोन तास जास्त लागले तर कोणाचे काय अडते? या शेवटच्या प्रश्नाला मुरबाडकडे उत्तर नव्हते. सहा कोअरचा, १५ वॅटचा ७५३०यू ठरला, १६ जीबी मेमरीसह. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढल्याने ती १६ जीबी चांगलीच महागात पडली, पण व्हिस्परची मोठी प्रतिकृती ८ जीबीत गुदमरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचा 'एनपीयू' हा वेगळा भाग हवा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. २०२४ पासून ४० टॉप्सचा मंत्र सर्वत्र ऐकू येतो. आम्ही वापरतो ती साधने प्रोसेसरवरच चालतात. तो खर्च टाळला.

आता निष्पत्ती. तासाभराचे मुद्रण रात्रीतून सहज पार पडते, आणि सकाळी जे हाती येते त्यात शब्दांचे शेवट पुसले गेलेले असतात. बोलीतली क्रियापदे प्रणालीने परस्पर प्रमाण मराठीत नेऊन ठेवलेली असतात. शाळेत नव्याने रुजू झालेल्या, हौशी गुरुजींसारखी ती मुलांचे बोलणे ऐकता ऐकताच सुधारते. कुठलाही प्रोसेसर घेतला असता तरी हे असेच झाले असते, कारण हा दोष वेगाचा नाही. ज्या मराठीवर ती शिकली त्या मराठीचा आहे. तरीही कच्च्या खर्ड्यात कुठले गाणे कितव्या मिनिटाला सुरू होते ते कळते, आणि तेवढ्याने आमचे अर्धे कष्ट वाचतात. उरलेले अर्धे कानाने आणि हाताने. सध्या आम्ही यंत्राचा खर्डा एका रकान्यात, आमचा पाठ दुसऱ्यात आणि गाणारीची दुरुस्ती तिसऱ्यात, असे तक्ते करत आहोत.

जुना लॅपटॉप मोडीत काढलेला नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली आमची पहिली टिपणे आजही त्याच्यावरच नीट उमटतात. नव्यावर त्यांची रोमन अक्षरांची खिचडी होते. इंटरनेटची जोडणी काढून तो कपाटाशेजारी ठेवला आहे, आणि शनिवारी आम्ही त्यावरून एकेक पान नव्या यंत्रावर पुन्हा टंकतो.