अभिजाततेचा देखभाल-खर्च

‘अभिजात’ हा शब्द आपण साहित्याच्या वर्गात जितक्या सहजतेने वापरतो, तितक्याच सहजतेने तो जुन्या मोटारींच्या बाजारातही वापरला जातो. फरक इतकाच, की तिथे या शब्दाला रोज भाव फुटतो. गेली काही वर्षे मी पोर्शे ९११ या गाडीच्या जुन्या नगांच्या जाहिराती आणि लिलावातील वर्णने वाचत आलो आहे. गाडी घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ऐपतीचा मुद्दा सोडला तरी तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात सर्वसाधारणपणे आयातच करता येत नाही. त्यामुळे माझ्यापुरती ती केवळ एक संहिता आहे. आणि तिच्या वाचनातून ‘मूल्य’ या आपल्या लाडक्या संकल्पनेविषयी काही गोष्टी लख्ख दिसतात.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने अवतरली. मधे शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ती ९११ झाली. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन ही तिची ओळख. तीन दशकांहून अधिक काळ हे सूत्र टिकले. १९९७ मध्ये ९९६ ही नवी पिढी आली आणि इंजिन पाण्याने थंड होऊ लागले. प्रदूषण आणि आवाज यांचे नियम कडक होत होते, कंपनी आर्थिक अरिष्टातून नुकतीच सावरत होती. म्हणून दर्शनी भागाचे बरेचसे सुटे भाग बॉक्सस्टर या स्वस्त गाडीशी सामायिक ठेवले गेले. परंपरावाद्यांना हे धर्मांतर वाटले. तिच्या दिव्यांना ‘तळलेली अंडी’ म्हणून हिणवण्यात आले.

निकाल बाजाराने दिला. हवेने थंड होणारी अखेरची पिढी, म्हणजे ९९३, हिचे भाव गगनाला भिडले. अमेरिकेत नवी असताना सुमारे ६५ हजार डॉलरला मिळणारी ९९६ मात्र एका काळी वीस हजारांच्या आत मिळू लागली. पुढे तिचेही भाव सावरले. तरी साधी ९९६ आजही ९९३च्या बरीच मागे आहे. दोन गाड्यांच्या गुणवत्तेत एवढे अंतर खचितच नाही. ‘अखेरची’ या विशेषणाची ही किंमत आहे. एखाद्या युगाचा शेवटचा प्रतिनिधी ठरलेल्या लेखकाला जे मिळते आणि त्याच्यानंतर लगेच आलेल्याला जे नाकारले जाते, त्याचाच हा आकड्यांतला अनुवाद म्हणावा लागेल.

पण भाव म्हणजे खर्च नव्हे. ९९६च्या इंजिनात मधल्या दांड्याला आधार देणारे एक बेअरिंग असते. बहुसंख्य गाड्यांत ते कधीच तुटत नाही. तुटले तर मात्र अख्खे इंजिन निकामी होते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. अमेरिकेत या प्रश्नावर गाडीमालकांनी सामूहिक दावा केला आणि २०१३ साली तडजोड झाली. शहाणा मालक क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवलेलाच आहे म्हणून ते बेअरिंगही बदलून घेतो आणि पावती जपून ठेवतो. पुढे विक्रीच्या वेळी पावत्यांची ही जाडजूड फाइलच गाडीची भाष्यपरंपरा ठरते.

इथे एक क्रूर व्यवहार आहे. गाडीची किंमत घसरते, सुट्या भागांची घसरत नाही. स्वस्तात गाडी घेणाऱ्याला महाग गाडीची देखभाल परवडत नाही. तो ती पुढे ढकलतो, आणि थकलेले देणे पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते. म्हणूनच या बाजारात सर्वांत स्वस्त गाडी बहुधा सर्वांत महाग पडते.

दुसरा विरोधाभास वापराचा. कमी धावलेल्या गाडीला जास्त भाव. प्रत्येक किलोमीटर मालकाच्या संपत्तीतून वजा होतो, म्हणून ती आच्छादनाखाली झाकून ठेवली जाते. परंतु नुसत्या उभ्या गाडीचे रबर कडक होते, तेल जुने होते, सील गळू लागतात. ते कुप्रसिद्ध बेअरिंगसुद्धा नियमित चालवलेल्या गाडीत अधिक टिकते, असे अनेक जाणकार मानतात. ज्यासाठी ती घडवली गेली तेच टाळल्याने तिचे मोल वाढते, आणि त्यानेच ती आतून झिजते.

मला हा विषय केवळ गंमत म्हणून सोडवत नाही, याचे कारण ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आनंद झाला, आणि तो खराच होता. पण दर्जा ही लिलावातली बोली आहे. देखभालीची बिले वेगळीच येतात. कोशांच्या सुधारित आवृत्त्या, हस्तलिखितांची जपणूक, पाठचिकित्सा करून सिद्ध केलेल्या संहिता, आणि त्या वाचू शकणारे विद्यार्थी घडवणारे वर्ग, या सर्वांचा खर्च पुढे ढकलता येतो. तो रद्द होत नाही. तो कुणाच्या तरी गळ्यात पडतोच, आणि तो ‘कुणीतरी’ बहुधा पुढच्या पिढीचा विद्यार्थी असतो.

लीळाचरित्र किंवा गाथासप्तशती आच्छादनाखाली सुरक्षित राहतीलही. परंतु या भाषेचे इंजिन चालू ठेवायचे, तर ती रोज रस्त्यावर काढावी लागेल. तिच्या अंगावर चरे पडतील, धावसंख्या वाढेल, आणि एखाद्या परंपरावाद्याला नव्या दिव्यांचा आकार आवडणार नाही. तेवढी किंमत मोजायला आपण शिक्षकांनी तरी तयार असावे.