टिलव्यांची शिरगणती

ठाणे खाडीवर जानेवारीत गणनेसाठी पहिल्यांदाच येणाऱ्यांना रोहित बघायचे असतात. मी त्यांना टिलवे मोजायला बसवतो. टिलवा म्हणजे चिमणीएवढा, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. सैबेरियाच्या टुंड्रात जन्मतो आणि हिवाळाभर आपल्या चिखलात किडे-अळ्या टिपत धावत असतो. रंग मातकट, फोटोत काही दम नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी निम्मी मंडळी गळतात. उरतात त्यांच्या जिवावर आमचं शास्त्र चालतं.

सुकतीला हे पक्षी चिखलभर पांगतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की ते काठाकडे सरकतात आणि शेवटी मिठागरांत, उथळ तळ्यांत दाटीवाटीने उभे राहतात. मोजायचं ते तेव्हा. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत बसवायची, त्या मापाने शंभराचा पट्टा धरायचा आणि शंभरा-शंभराने थवा संपवायचा. एकाने दुर्बिणीतून बघत आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. स्वतःच लिहायला मान वळवली की थवा हललाच. ओळख पटली नाही तर सरळ ‘अनोळखी’ लिहावं, त्यात कमीपणा नाही. आणि मध्येच ससाणा आला की सगळं आकाशात, पुन्हा एकपासून सुरुवात!

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, ती मुख्यतः अशा हौशी माणसांच्या बळावर. शिक्षक, बँकेतले निवृत्त, कॉलेजची पोरं. एखाद्या पाणथळीवर नियमित २० हजार पाणपक्षी येत असतील किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे उतरत असेल, तर ती जागा रामसर दर्जासाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून, पात्र ठरू शकते. हे आकडे वहीत कुणीतरी टिपलेले असावे लागतात.

आकड्यांची खरी ताकद दिसली दक्षिण कोरियात. सेमांगुमच्या खाडीमुखावर ३३ किलोमीटरचा बांध घातला गेला आणि २००६ मध्ये समुद्राचं पाणी अडलं. पक्षी शेजारच्या चिखलपट्ट्यांवर जातील, असं सांगितलं जात होतं. कोरियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्षी-अभ्यास गटांच्या स्वयंसेवकांनी २००६ ते २००८ सलग तीन वसंत ऋतू तिथे आणि शेजारच्या दोन खाड्यांतही मोजणी केली. ग्रेट नॉट हा पक्षी सेमांगुममध्ये सुमारे ९० हजारांनी घटला. शेजारी तेवढी वाढ झालीच नाही. हिवाळ्यात तो वायव्य ऑस्ट्रेलियात जातो, तिथेही आकडा खाली आला. म्हणजे पक्षी ‘दुसरीकडे’ गेले नव्हते, संपले होते. २०१५ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली.

‘जातील की दुसरीकडे’ हे वाक्य आम्ही उरणच्या पाणथळींबद्दलही ऐकत आलो आहोत. भरतीला टेकायची जागाच बुजवली, तर खाडीचा चिखल शाबूत असूनही पक्ष्याला तो परवडत नाही. दर भरतीला लांब उडत राहण्यात त्याची चरबी जळते आणि एप्रिलमध्ये उत्तरेला जायला लागणारं इंधन साठत नाही. पण हे ठासून सांगायचं तर बुजलेल्या आणि शेजारच्या, दोन्ही जागांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. म्हणून दुर्मीळ पक्ष्यामागे गाडी पळवणाऱ्या दहा जणांपेक्षा, दरवर्षी त्याच तळ्यावर जाऊन ‘आज एकही नाही’ असं तारखेसह लिहिणारा एक माणूस मला जास्त मोलाचा वाटतो.

तेव्हा येत्या जानेवारीत घराजवळचं एकच तळं किंवा खाडीचा एकच तुकडा धरा आणि तो सोडू नका. दुर्बीण नसेल तर तुमच्या भागातल्या पक्षिमित्रांच्या गटात सामील व्हा, तिथे जादाची एखादी निघतेच. समुद्रकाठी राहत असाल तर तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ तासांत निघते. तिच्या दोन तास आधी जागेवर पोहोचा.